टॉवराला गाऱ्हाणं

दोन हजार सतरा साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या साली आमच्या शेजारचा भिवा तांडेल रोज तिन्हीसांजेला गावामागच्या उंच, उघड्या सड्यावर चढायचा, चपला काढायचा आणि मोबाईलच्या टॉवराला देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालायचा.

"बा देवा टावरा, तुका सांगणा करतंय. माझ्या झिलाचो फोन लागांदे. वाटेत कोण आडवो इलो तर त्याका बाजूक कर."

गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी 'व्हय महाराजा' म्हणावं लागतं. सुरुवातीला ते मी म्हणायचो, हसत हसत.

फोन त्याच्या मुलाने, संतोषने, बोटीवर नोकरीला जाताना दिलेला. नवीनच निघालेली जात. पण बनवणाऱ्यांनी तो एकाच सिमकंपनीला बांधून टाकलेला. दुसरं कार्ड घातलं की मुका. आणि त्या कंपनीचा टॉवर खाडीपलीकडे, रेंज मिळायची ती फक्त सड्यावर. मी चौथी शिकलो, पण एवढं मला कळतं. नवी होडी काढायची आणि ती एकाच बंदराला लागेल असं ठरवायचं, मग बाकीच्या बंदरांनी काय करायचं? कणकवलीच्या दुकानदाराला हेच विचारलं. म्हणाला, "आजोबा, करारच तसा आहे."

"तो डबो दर्यात टाक. माझ्यासारखो साधो फोन घे," मी भिवाला म्हटलं.

"झिलान दिलेलो आसा. डबो म्हणू नको."

"डबोच तो."

तेव्हापासून बोलणं बंद. मी कशाला आधी बोलू?

बोट बंदराला लागली की संतोष संध्याकाळी फोन करायचा. मग बातम्यांत वादळ आलं, त्याच्याच वाटेवर. बोट लागायची तारीख उलटून आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मी सड्यावर गेलो, गुरं बघायला म्हणून. गुरं गोठ्यात होती. भिवा वाऱ्यात उभा राहून गाऱ्हाणं घालत होता, आणि 'व्हय महाराजा'सुद्धा स्वतःच म्हणत होता.

पुढचं 'व्हय महाराजा' मी म्हटलं. त्याने वळून पाहिलं नाही. आवाज मात्र चढवला.

फोनवर रेंजची एक रेघ यायची, जायची. फोन उंच धरून त्याचा हात भरून आला. मी कोपराला आधार दिला.

फोन वाजला.

"बरो आसस मां रे? … मी? घराकडेच, खळ्यात बसलंय. तुझो फोन गावभर लागता." पलीकडचं ऐकून भिवा म्हणाला, "वारो न्हय रे तो. पंखो लावलंय."

मग बराच वेळ तो माझ्याकडे न बघता चपला शोधत राहिला. चपला समोरच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार बांबू आणि माडाची झापं घेऊन सड्यावर गेलो, त्या जागी खोप उभी केली आणि आत माझ्या घरचा बाकडा ठेवला. दोघांना पुरेल असा.