आधी मले टोचा

श्रीगणेशास वंदन करून, गेल्या पौषात आमच्या आरोग्य केंद्रात मुलींना लस टोचली गेली त्या प्रसंगाच्या निमित्ताने, रामधन नावाच्या गृहस्थाविषयी चार शब्द लिहितो. हा मनुष्य बैलापुढे सरकीची ढेप ठेवण्यापूर्वी तिचा तुकडा स्वतः चघळतो. डोळे मिटून, आचमन करावे तसा. मग बैलास सांगतो, "खा बापा. मले काही झालं नाही."

बोरी अरबजवळच्या तांड्यावर त्याचे घर. शेत माझ्या शेताला लागून. एकुलत्या लेकीसाठी, काजलसाठी, त्याने टोपलीवाली गुलाबी सायकल घेतली, ती दारव्ह्याच्या भर बाजारातून प्रथम स्वतः चालवली. गुडघे मुठींना आपटत होते, लोक हसत होते. "हासता काहून बे? ब्रेक लागते का नाही, ते पोरीनं पाहावं काय?"

पुढे शाळेतून लसीचे संमतीपत्र आले. या सुईने मुलींना पुढे लेकरू होत नाही, अशी तांड्यावर कुजबुज होती. रामधनने तो कागद तीन दिवस उशाखाली ठेवला. सही काही केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा. "गुरुजी, संगं चला. शिकेल मानूस पाह्यजे."

धुके दाटले होते. वेचणीचा कापूस त्यात असा विरघळला होता, की शेत कोठे संपते आणि आकाश कोठे आरंभते हे उमगू नये. काजल पुढे, आम्ही दोघे मागे. कोणाच्या तरी निद्रेतून चालावे तसे चाललो.

केंद्रात रामधन थेट मुलींच्या रांगेत बसला आणि त्याने बाही वर सारली. "सिस्टर, आधी मले टोचा."

"काका, तुमाले गर्भपिशवी हाये काय?" मुली खुदखुदल्या.

"मंग पोरीले काय होईन, ते मले कसं समजन?"

"दंड दुखन, थोडा ताप येईन. लेकरू होत नाही मनतात, ते खोटं हाये. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये, मनून देतो आपन हे."

रामधनची बाही तशीच वर राहिली.

"पिशवीच्या तोंडाचा?"

"हो."

"काजलची याडी त्याच्यातच गेली." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "दवाखान्याच्या कागदावर हेच नाव होतं."

मग त्याने माझ्याकडे पेन मागितले, आणि एकेक अक्षर जपून ठेवीत सही केली.

टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसायचे होते. काजल बिस्कीट खात होती. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, हे सुई तिच्या याडीच्या लहानपनी असती त?"

खिडकीबाहेर धुके हलके होत होते.

"बापू, दंड दुखून राह्यला," काजल म्हणाली. तो लगबगीने वाकला आणि चिकटवलेल्या कापसावर फुंकर घालू लागला.

ती फुंकर जगन्माता तुमच्याही घरच्या लेकींपर्यंत पोहोचवो. त्या दीर्घायुषी होवोत, आणि तुमच्या अंगणी त्यांचे हसू अखंड नांदो.