मोजपट्टीसाहेबांचा स्पीड

घरात इंटरनेटचा हजाराचा स्पीड आला आणि त्या दिवसापासून घरातल्या कुणालाच धड काही बघता येईना. जाहिरातीत हजार हा आकडा एवढा मोठा छापला होता, की बाकीच्या मजकुराला अंग चोरून बसावं लागलं होतं. कंपनीचा माणूस शनिवारी आला, त्याने भिंतीला भोक पाडलं, फायबरची तार आत घेतली, बैठकीच्या खोलीत राउटर लावला, मोबाइलवर हजाराच्या जवळपासचा आकडा दाखवला आणि निघून गेला. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण घरमालक दर्जा तपासनीस होते.

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात झाकण घट्ट बसतं की नाही, हे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. कामगार त्यांना समोर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'मोजपट्टी'. आपण दोन्ही जोडून घेऊ, म्हणजे कुणाचाच अपमान नको. मोजपट्टीसाहेबांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. मोजल्याशिवाय काही खरं नाही आणि कुलपाशिवाय कुठलंही यंत्र सुरक्षित नाही.

हे कनेक्शन त्यांनी घेतलं होतं ते बायकोसाठी. लग्नाआधी आणि नंतरची काही वर्षं ती एका टेलिफोन कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायची. पुढे सासूबाईंचं आजारपण निघालं, नोकरी सुटली, सासूबाई ठणठणीत झाल्या आणि नोकरी मात्र परत मिळाली नाही. जिथे अर्ज करावा तिथे मधली रिकामी वर्षं पाहून लोक "कळवतो" म्हणायचे. कळवायचं कुणीच नाही. आता एका इंटरनेट कंपनीने तक्रार विभागाच्या प्रमुखपदासाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत गुरुवारी सकाळी, व्हिडिओवर. आणि कंपनी तीच, जिचं कनेक्शन घरात आलं होतं.

"त्यांचंच कनेक्शन घेतलं म्हणजे मुलाखतीत अडथळा यायचा प्रश्नच नाही," साहेब म्हणाले होते. "आता तू फक्त बोलायचं. बाकीचं माझ्यावर सोड."

बायकोला काळजी वाटली ती या शेवटच्या वाक्याची.

रविवारी सकाळी साहेबांनी बाकीचं अंगावर घेतलं. कारखान्यातलं प्रत्येक महत्त्वाचं यंत्र कुलपात असतं, मग घरातलं उघड्यावर का? त्यांनी पॅसेजमधल्या लोखंडी कपाटाला मागून ड्रिलने भोक पाडलं, त्यातून वायरी आत ओढल्या, राउटर वरच्या कप्प्यात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. मग बैठकीच्या खोलीत येऊन स्पीड मोजला. हजाराचे चाळीस झाले होते.

"बघितलंस?" ते विजयी मुद्रेने म्हणाले. "कंपन्या अशाच फसवतात."

"अहो, काल तर नीट होता."

"काल त्यांचा माणूस समोर होता ना! माणूस गेला की खरा स्पीड कळतो."

त्यांनी कंपनीला पहिली तक्रार केली. पलीकडून राउटर बंद करून चालू करायला सांगण्यात आलं. साहेबांनी कुलूप काढलं, सगळ्या वायरी ओढून काढल्या, परत खुपसल्या, कुलूप लावलं. चाळीसचे अडतीस झाले. दुसरी तक्रार.

आता रोग कुठे आहे ते शोधायला हवं होतं. कारखान्यात फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवतात. हिरव्यात चाला, पिवळ्यात सांभाळा, लाल पट्टीच्या आत पाऊल टाकू नका. साहेबांनी त्याच पट्ट्यांची गुंडाळी घरी आणली आणि खोलीखोलीतला स्पीड मोजून घराची फरशी रंगवायला घेतली. स्वयंपाकघराचा अर्धा भाग पिवळा निघाला. कपाटाला चिकटून असलेली वीतभर जागा तेवढी हिरवी. सासूबाईंची खुर्ची थेट लाल पट्टीत आली.

"आई, तू इथे बसू नकोस. इथे स्पीड नाही."

"मला काय करायचाय स्पीड? मी बसलेय रे."

"तरी पण नियम म्हणजे नियम."

सासूबाईंना खुर्चीसकट पॅसेजमध्ये हलवण्यात आलं. तिथे टीव्ही दिसत नव्हता. दिसत असता तरी उपयोग नव्हता, कारण त्यांच्या मालिकेतली सून सकाळपासून तोंड उघडं ठेवून एकाच जागी थिजली होती. "जुन्या स्पीडला निदान तोंड मिटायची ती," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी साहेबांनी सिग्नल वाढवणारी डबी आणून लावली. ती डबी कपाटातून गळून येणारा मरतुकडा सिग्नल घ्यायची आणि तोच मरतुकडा सिग्नल इमानेइतबारे पुढे पोचवायची. मंगळवारी त्यांना शोध लागला, की अधूनमधून मोजून भागत नाही, अखंड मोजलं पाहिजे. मग त्यांनी स्वतःचा मोबाइल, बायकोचा मोबाइल, आईचा मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही या सगळ्यांवर स्पीड मोजणारं ॲप टाकलं आणि ते थांबू नये अशी सोय केली. पाचही यंत्रं रात्रंदिवस मोजू लागली. मोजण्यासाठी जेवढं इंटरनेट लागे तेवढं ती खाऊन टाकत आणि उरलेलं इंटरनेट किती कमी आहे ते लगेच दाखवत. स्पीड चारवर आला. साहेबांनी पट्ट्यांच्या फरशीचे फोटो काढून कंपनीला पाठवले.

बुधवारी संध्याकाळी बायकोने मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. मैत्रिणीला तिचं नाक दिसत होतं आणि आवाज थोड्या वेळाने वेगळा येत होता. तिने लॅपटॉप मिटला आणि पलंगावर बसून राहिली. तिला रडू आलं होतं, पण साहेबांसमोर रडायचीही सोय नव्हती. त्यांनी त्याचंही माप घेतलं असतं.

"अहो, उद्या माझी मुलाखत आहे. आजचा दिवस तरी त्यांना तक्रार करू नका. मी त्यांच्याकडेच नोकरी मागतेय."

"तुझ्यासाठीच करतोय ना मी! आत्ताच बारावी केली."

भांडून उपयोग नव्हता, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. गुरुवारी सकाळी तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, तुम्ही सगळ्या खोल्या मोजल्यात. पण राउटर कपाटाच्या आत असताना किती आणि बाहेर असताना किती, हा फरक मोजलात का?"

कप तसाच राहिला. साहेबांनी धावत जाऊन कुलूप काढलं, राउटर बाहेर आणला आणि पॅसेजमधल्या स्टुलावर ठेवला. ते मोजणार एवढ्यात बायकोने पाचही यंत्रांवरचं मोजणं बंद केलं, तिन्ही मोबाइल गोळा करून पिठाच्या डब्याशेजारी ठेवले आणि कंपनीच्या माणसाने राउटरला जोडून दिलेली लांब वायर आतल्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत नेली. परत कॉल लावून पाहिला, तर चित्र एकदम लख्ख आलं. मैत्रिणीला तिच्या कानातले खडेसुद्धा मोजता आले.

"आता मोबाइल दे. नऊशेच्या वर असणार, बघतो."

मुलाखत चालू असताना हा माणूस एकदा तरी मोजणार, एकदा तरी वायर ओढून पाहणार, हे बायकोला डोळ्यांसमोर दिसलं. तिने राउटरकडे वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, या वायरीच्या टोकाची ती प्लास्टिकची खिट्टी असते ना, तुटलीय बघा. रविवारपासून तुम्ही किती वेळा ओढलीत!"

"तुटली? मी तर हलकेच..."

"आता नवीन वायर कुठून आणू? आत ढकलून धरली की चालतंय. सोडली की गेलं. तुम्हीच धराल का? आईंचा हात कापतो."

साहेबांचा चेहरा उतरला. चूक आपली होती आणि ती मोजण्यापलीकडची होती. ते निमूटपणे स्टुलासमोर फरशीवर मांडी घालून बसले, एका हाताने राउटर धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वायर दाबून ठेवली. बसायला मिळाली ती नेमकी कपाटालगतची वीतभर हिरवी जागा. शेजारी खुर्चीत सासूबाई होत्याच.

आतल्या खोलीचं दार वायरीमुळे पूर्ण लागत नव्हतं. मुलाखत स्पष्ट ऐकू येऊ लागली. एक बाई आणि एक गृहस्थ प्रश्न विचारत होते. नाव, शिक्षण, जुनं काम. बायको न अडखळता बोलत होती. साहेबांना बरं वाटलं. अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

"आता एक खरं उदाहरण देते," आतून त्या बाईंचा आवाज आला. "नाव सांगत नाही. एक ग्राहक आहेत. शनिवारी कनेक्शन घेतलं आणि कालपर्यंत बारा तक्रारी. आमची पोरं त्यांचा नंबर दिसला की पाणी प्यायला उठतात. त्यांनी आम्हाला स्वतःच्या घराच्या फरशीचे फोटो पाठवलेत. पट्ट्या चिकटवलेल्या!"

गृहस्थ हसले. साहेब ताठ झाले. "हे काय चाललंय?" असं ओरडत आत घुसायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण उठायचं म्हणजे अंगठा काढायचा, आणि अंगठा काढला की बायकोची नोकरी गेली. ते बसून राहिले. कानशिलं तापली होती.

"तुम्ही अशा माणसाला कसं हाताळाल?"

मग बायकोचा आवाज आला. "पहिली गोष्ट म्हणजे ते खोटं बोलत नाहीयेत, मॅडम. स्पीड खरंच कमी येत असणार. तो कमी कोण करतंय, ते मात्र त्यांना सांगायला जायचं नाही. राउटर लोखंडी कपाटातून काढा म्हटलं तर काढणार नाहीत. आतला आणि बाहेरचा फरक मोजून सांगा म्हटलं, तर धावत काढतील."

"कपाट? कपाट कशावरून?" गृहस्थांनी विचारलं.

"असे ग्राहक कपाटातच ठेवतात, सर."

"आणि त्यानेही भागलं नाही तर?"

"तर त्यांना एक काम द्यायचं. त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही असं. दोन्ही हात गुंतले पाहिजेत आणि जागचं हलता येता कामा नये. ते काम गरजेचं असलंच पाहिजे असं काही नाही."

साहेबांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"छान!" बाई म्हणाल्या. "असे ग्राहक हाताळायचा किती वर्षांचा अनुभव आहे?"

"एकोणीस."

"पण अर्जात तर सहाच वर्षं दिसतायत."

"ती पगारी, मॅडम."

आत दोघेही मोठ्याने हसले. मग गृहस्थांनी जरा गंभीर होऊन विचारलं, "पण वैताग नाही येत तुम्हाला अशा लोकांचा?"

"येतो ना. खूप येतो. पण हे लोक स्वतःसाठी कधी एवढं भांडत नाहीत, सर. घरातल्या कुणाचं तरी काम अडू नये म्हणून जीव टाकतात. त्या नादात वाट लावतात, ते वेगळं. पण एवढा जीव टाकणारं माणूस प्रत्येकाच्या घरी नसतं."

पॅसेजमध्ये साहेबांनी हळूच, अगदी हळूच, वायरीवरचा अंगठा उचलला.

काही झालं नाही. वायर जागच्या जागी घट्ट बसलेली होती. त्यांनी ती जराशी ओढून पाहिली, हलली नाही. खिट्टी शाबूत होती, आणि एखाद्या झाकणाला त्यांनी पूर्ण गुण दिले असते इतकी ती घट्ट होती. आतून बायकोचा आवाज तसाच खणखणीत येत होता. बाई तिला विचारत होत्या, "एक तारखेपासून येऊ शकाल?"

बाजूच्या खुर्चीतून सासूबाई खाली वाकल्या. "काय रे, झालं का तुझं? उठ आता, पायाला रग लागली असेल."

मोजपट्टीसाहेबांनी अंगठा परत वायरीवर ठेवला आणि नीट दाबून धरला.

"थांब जरा, आई," ते दबक्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्या कुणाला जमायचं नाही हे."