दहा महिन्यांचे बद्रीशेठ

मंठ्याच्या बाजारपेठेत साड्यांचं दुकान चालवणाऱ्या बद्रीनारायण शेठजींना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच पासपोर्टची गरज पडली. दुबईत राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, रुचीला, चौथा महिना लागला होता. "पप्पा, बाळ झाल्या झाल्या पयले तुमच्याच हातात द्यायचंय. तुम्ही इकडंच या," असं ती फोनवर म्हणाली. शेठजींनी दुकानातल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. त्या नादात दोघी जणी साड्या न घेताच निघून गेल्या, पण पेढे मात्र घेऊन गेल्या.

अर्ज भरायला बसलेला मुलगा मयंक थोड्याच वेळात वैतागला.

"पप्पा, आधारवर तुमची जन्मतारीख एक जानेवारी अन् पॅनवर पंधरा ऑगस्ट! जो विचारंल त्याला येगळी सांगून राह्यले का तुम्ही? शाळेचा दाखला आणा, मंग त्याच्यावरून सगळं बराबर करू."

शेठजी सातवीनंतर थेट गल्ल्यावर बसले होते. दाखला काढायची वेळच कधी आली नव्हती. ते शाळेत गेले. तिथले क्लार्क मच्छिंद्र त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी चौऱ्याहत्तर सालचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, माहिती कंप्युटरात भरली आणि छापून आलेल्या कागदाकडे आणि शेठजींकडे आळीपाळीने बघत राहिले.

"शेठ, वय काय म्हन्ले तुमचं?"

"सत्तावन्न पुरे."

"इथं तर तुम्ही दहा महिन्याचे हायत. तीस एप्रिल दोन हजार पंचवीस. गुरुजींच्या हातचं हाय, शाईनं लिहिल्यालं."

"अन् कंप्युटरनं हे घेतलं?"

"पयले दाखला मागितला असता तर घेतलं नसतं. आता ती तारीख येऊन गेली ना!"

शेठजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांचे वडील राधेश्यामजी साल मोजायचे ते विक्रम संवतात, इंग्रजी सालाच्या कितीतरी पुढे चालणाऱ्या. गुरुजींनी विचारलं असणार आणि वडिलांनी अक्षय्य तृतीयेचा जन्म म्हणून ठणकावून सांगितलं असणार, 'आखा तीज, एप्रिलची तीस, दोन हजार पंचवीस.' गुरुजी शिस्तीचे. सांगितलं ते वळणदार अक्षरात लिहिलं, एक्कावन्न वर्षांनी जन्माला येणारा मुलगा पहिलीत घेतला आणि वर्षाअखेरीस पासही करून टाकला.

"काही घाबरू नका," मच्छिंद्र म्हणाले. "जालन्याला शिक्षण खात्याच्या मॅडमच्या सहीनं दुरुस्ती होती. जन्मपत्रिका न्या अन् माँसाहेबांना संगं न्या. मी फाईल घेऊन येतोच."

इकडे रुचीचा रोज फोन. "पप्पा, झालं का? आठवा लागला की मला कोणी विमानात बसू देणार न्हाई, मंग तुम्हालाच यावं लागंल." फोन ठेवला की शेठजी पुन्हा बोटांवर महिने मोजायचे. पहिलं नातवंड, आणि ते आपल्याशिवाय दुसऱ्याच कोणाच्या हातात जाणार!

जालन्याच्या ऑफिसात प्रीती मॅडमनी फाईल उघडली.

"पत्रिकेत काय साल आहे?"

"दोन हजार पंचवीस," शेठजी म्हणाले.

"आणि रजिस्टरमध्ये?"

"दोन हजार पंचवीस."

"दोन्ही जुळतंय की. मग दुरुस्ती कशाची करायची?"

"मॅडम, ते संवत हाय!"

"संवत असं कुठं लिहिलंय?"

शेठजींनी पत्रिका खालीवर करून पाहिली. नेमका तेवढाच शब्द कसरीने खाल्ला होता. मॅडम शेवटी शेठजींच्या ऐंशी वर्षांच्या आईकडे, संतोषबाईंकडे वळल्या.

"आजी, तुम्हीच सांगा. तुमचा मुलगा कधीचा?"

"आखा तीजचा. साल दोन हजार पंचवीस," संतोषबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

"माँ, अगं जरा इंग्रजी साल..."

"तू चूप बैस. तुला जन्म मी देल्ता का तू? खरं तेच सांगीन."

मच्छिंद्रनी कपाळाला हात लावला. मॅडम पिकल्या मिशांच्या त्या बाळाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे हे दहा महिन्यांचे?"

"मला तर अजून तेवढाच दिसतो," संतोषबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काल बी जेवताना सदऱ्यावर वरण सांडून घेतलं त्यानं."

शेठजी सदरा चाचपू लागले. संतोषबाईंनी मात्र समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "बाई, ते कॅलेंडर तुमच्याच भिंतीवर टांगलंय ना? वरचं बारीक अक्षर वाचा."

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. विक्रम संवत २०८२.

"आता त्याच्यातून दोन हजार पंचवीस काढा. किती राह्यले? सत्तावन्न. एवढ्यासाठी मला बसमधी उभं राहून यावं लागलं!"

मॅडमना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी सही केली.

पण सहीनंतर फाईल तिच्या चालीने गेली. नवा दाखला आला, त्यावरून आधार सुधारलं, पॅन सुधारलं, आणि जूनच्या सुरुवातीला पोस्टमन पासपोर्ट घेऊन दारात आला. त्याच्यामागेच रिक्षातून रुची उतरली, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत.

"तुमची वाट पाहून थकले, पप्पा. पहिलं बाळंतपण माहेरीच बरं."

शेठजींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

श्रावणात रुचीला मुलगी झाली आणि कबूल केल्याप्रमाणे पहिली शेठजींच्याच हातात आली. त्या क्षणापासून त्यांनी घरादाराला एकच धोशा लावला, "पोरीची तारीख बराबर लिहून घ्या, माझ्यासारखं व्हायला नको!" कोणावरच भरवसा नव्हता म्हणून जन्माची नोंद करायला ते स्वतःच निघाले. सोबत मयंक, आणि खिशात एकदाही न वापरलेला पासपोर्ट.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "जन्मतारीख?"

शेठजींनी घसा साफ केला आणि अभिमानाने, एकेक शब्द तोलून सांगितलं, "नागपंचमी, दोन हजार त्र्याऐंशी."

त्या माणसाने साल टाइप केलं, थांबला, पुन्हा टाइप केलं.

"कंप्युटर घेऊन न्हाई राह्यलं, शेठ. तुमच्या नातीला जन्मायला अजून सत्तावन्न वर्षं हायत."

मयंकने कपाळावर हात मारून घेतला. शेठजींनी हळूच खिशातून पासपोर्ट काढला आणि त्यात तारीख कशी लिहितात ते एकदा नीट बघून घेतलं.