तेविसानं भाग जात नाही

हजेरी झाली की रंगनाथ गुरुजी फळ्यावर रोज एकच संख्या लिहीत: २३२७९२५६०. त्या दिवशी जितकी मुलं हजर, तेवढ्या आकड्यानं तिला भागायचं. सकाळचं पहिलं काम हेच.

जामखेडकडच्या त्या शाळेत आम्ही दोघेच शिक्षक. मी तरुण, नवा. गुरुजींच्या वर्गात पटावर बावीस मुलं, पण दिवाळीनंतर आईबाप बेलापूरकडे ऊसतोडीला निघाले की कधी तेरा उरत, कधी सात. म्हणून त्यांनी ही संख्या बांधली होती. एकपासून बावीसपर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. "कुनी येवो, कुनी जावो," ते म्हणत, "उरायचं न्हाई कुनी."

लग्नाच्या पंगतीतही ते आधी पानं मोजत. तेवीस भरली तर स्वतःच उठून वाढायला लागत. "तेवीस लई आडमुठा."

दुष्काळाच्या वर्षी ऊसच नव्हता, त्यामुळे बावीसच्या बावीस मुलं गावात. जवळच खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. तिथल्या एका मजूर बाईची मुलगी, सखू, शाळेत नाव घालायला आली. दाखलपुस्तक माझ्याकडे. साऱ्या वर्गासमोर मी म्हणालो, "गुरुजी, हिला घेतलं तर तुमच्या आकड्याला बाकी उरेल हो."

मुलं खिदळली. गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सखू आली नाही.

थट्टाच तर केली, एवढ्याशा पोरीला काय कळतंय, असं मी स्वतःला सांगत होतो. मधल्या सुट्टीत गुरुजी पाटी घेऊन खडीच्या कामावर निघाले, तसा मीही मागोमाग गेलो. सखू आईशेजारी हातोडी घेऊन बसली होती.

"मी आले की बाकी उरतीया म्हनं," ती खाली बघत म्हणाली.

गुरुजी तिच्याजवळ दगडावर टेकले. "मी तुज्याएवढा असताना शाळेत खेळायला जोड्या लावायचे. मी कायम उरायचो. उरल्यावर कसं वाटतं, मला ठाव हाय."

मग त्यांनी ती संख्या तेविसानं गुणली. पाटी पुरली नाही. बेरीज धुळीत केली. "उद्या ये. तुज्याच हातानं भाग लावू."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ५३५४२२८८८० ही संख्या होती. हजेरी तेवीस. गुरुजींनी हात धरून सखूकडून भाग लावून घेतला. शेवटचं शून्य तिनं एकटीनं काढलं, चांगलं भाकरीएवढं.

शाळा सुटल्यावर मी माफी मागायला घुटमळत होतो. गुरुजींनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, "चोविसानंबी भाग जातो, मास्तर. तुमाला धरलंय."

"आणि तुम्ही?"

ते फळा पुसायला लागले.

संध्याकाळी खोलीवर मी ती संख्या पंचविसानं भागून पाहिली. बाकी पाच.

नुसतं पाचानं गुणायचं होतं. सकाळी त्यांच्याआधी जाऊन फळ्यावर लिहून ठेवलं असतं, तरी त्यांना कळलं असतं. बदली होईपर्यंत दोन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं. रोज सकाळी हातात खडू असायचा.