स्वागतापुरते एक फूल

कोणतीही संस्था ज्या कामासाठी स्थापन होते, ते काम एकदा सुरू झाले की संस्थेचे वाटोळे व्हायला वेळ लागत नाही. उदगीरच्या ऑर्किड मंडळाने हा धोका सहा वर्षे मोठ्या शिताफीने टाळला होता.

मंडळाचे पूर्ण नाव 'उदगीर (नियोजित) जिल्हा ऑर्किड संवर्धन मंडळ'. जिल्हा आज होईल, उद्या होईल अशी हवा होती, आणि तो झाल्यावर धावपळ नको म्हणून जिल्ह्याला शोभणाऱ्या गोष्टी लोकांनी आधीच करून ठेवल्या होत्या. मंडळाचे सदस्य त्रेसष्ट. ऑर्किड शून्य. (पहिल्या वर्षी पुण्याहून चार रोपे मागवली होती. एक पार्सलमध्येच गेले, दोन उन्हाने गेली आणि चौथे अध्यक्षांच्या शेळीने तपासले.) पुढे दुष्काळ पडला आणि मंडळाने ठराव केला की, टंचाई पाहता सदस्यांनी ऑर्किड लावू नयेत. न लावलेल्या ऑर्किडमुळे वर्षाला साडेचार टँकर पाणी वाचते, असे मंडळाचा अहवाल सांगतो. एवढी बचत शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेला जमलेली नाही.

मग मंडळ करी काय? तर नव्या सदस्यांचे स्वागत. शाल, नारळ, गुलाबाचे फूल, सदस्याचे मनोगत (दोन मिनिटे), चिटणीस महादेवप्पांचे मनोगत (पंचवीस मिनिटे) आणि फोटो. आडतीतून निवृत्त झालेल्या महादेवप्पांनी त्रेसष्ट जणांचे स्वागत स्वहस्ते केले होते. त्यातल्या सात जणांचे दोनदा. कारण नवा सदस्य न मिळालेल्या महिन्यात एखादा जुना राजीनामा देऊन परत येई. हे सगळे खरे, पण महादेवप्पांनी फुललेले ऑर्किड उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते, आणि या गोष्टीची त्यांना मनातून फार लाज वाटे.

अशात एप्रिलमध्ये पत्र आले. नव्या जिल्ह्यासाठी गावाची पाहणी करायला समिती येत्या गुरुवारी येणार होती, आणि यादीत नववी बाब होती : 'ऑर्किड मंडळ – प्रत्यक्ष फूल पाहणे'. महादेवप्पांच्या तोंडचे पाणी पळाले. (टंचाईत ही नासाडी गंभीरच.)

सोमवारी केवळाबाई आल्या. किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात तीस वर्षे स्वयंपाक करून त्या आता उदगीरला लेकाकडे राहत होत्या. त्यांच्या हातात एक वाळका ओंडका होता, ओंडक्याला रोप चिकटलेले, आणि रोपाला तपकिरी-जांभळ्या फुलांचा एक तुरा.

"तुमच्या बोर्डावरचं चित्र बघितलं. ते हेच व्हय ना, आप्पा? आमच्याकडं मोहाच्या झाडाला लई येतंय. आमी बांडगूळ म्हणतो."

"आणि पाणी कुठलं घालता, बाई?"

"तांदळाचं धुवण. टँकर आठ दिसांनी येतो, पर भात तर रोजच करून राहिले की."

महादेवप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी रोप मंडळाच्या कचेरीत ठेवून घेतले आणि बुधवारी केवळाबाईंचे स्वागत ठरवले. दोन दिवस ते तुऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. जेवणही तिथेच मागवले.

बुधवारी सभागृह भरले, रोप आणून टेबलावर मांडले. शाल झाली, नारळ झाला. फुलाची पाळी आली तेव्हा फुलवाल्या अण्णारावांचा निरोप आला, की दुष्काळाने गुलाब बंद आहेत. तबक रिकामे. माईकवर तर पुकारून झाले होते, "पुष्प देऊन स्वागत!" सत्तर वेळा सरावलेला हात कुणासाठी थांबत नाही. महादेवप्पांनी नारळाची दोरी कापायचे ब्लेड उचलले, टेबलावरच्या रोपाचा तुरा कापला आणि अदबीने केवळाबाईंच्या हातात दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो निघाला.

केवळाबाईंनी हातातल्या फुलाकडे पाहिले, मग रोपाकडे.

"आप्पा, हे तर माझंच हाय."

महादेवप्पांनी हातातल्या ब्लेडकडे पाहिले. समिती उद्या सकाळी दहाला येणार होती.

"आता आणखी एक वरीस वाट बघा," केवळाबाई म्हणाल्या. मग महादेवप्पांचा चेहरा पाहून त्यांना दया आली. "जाऊ द्या. सत्कार लई झाक झाला. तीस वर्सं भाकरी थापली, पर शाल कुणी घातली न्हाई." त्यांनी तुरा स्टीलच्या ग्लासात ठेवला.

गुरुवारी समितीच्या अध्यक्षांनी विचारले, "फूल कुठं आहे?" महादेवप्पांनी ग्लासातला तुरा काढून त्याच फुलाने त्यांचे स्वागत केले. सकाळपासून आठ ठिकाणी नुसता चहा पिऊन आलेले अध्यक्ष गहिवरले. त्यांनी शेरा लिहिला : 'मंडळाचे कार्य उत्तम. स्वागत अनुकरणीय.' जिल्हा अजून व्हायचा आहे, पण त्या महिन्यात सदस्यत्वाचे एकोणतीस अर्ज आले.

आपणही अर्ज करू शकता. अट एकच. तुरा कुठे गेला, शेरा काय मिळाला, हे सगळे आपण आवडीने वाचलेत. टेबलावर राहिलेल्या त्या रोपाला बुधवारपासून कुणी पाणी घातले का, हा प्रश्न इथवर आपल्या मनात आला नसेल, तर आपण पूर्ण पात्र आहात. येताना फूल आपले आपण आणावे. ब्लेड मंडळाकडे आहे.