चार बोटं वर

"माझी गाडी रस्त्यावर जाणार नाही! एक वेळ मी जाईन!"

मोजणीदारांनी हे गॅरेजच्या मधोमध उभं राहून, आपल्या जुन्या गाडीच्या टपावर हात ठेवून सुनावलं. ती गाडी गेल्या सहा वर्षांत दाराबाहेर पडली नव्हती. दर रविवारी ते तिचं बॉनेट उघडत, आत बघून चिडत आणि बंद करत. त्यांची बायको गुराढोरांची डॉक्टर. तिची गाडी रोज गोठ्यागोठ्यांतून चिखल तुडवून येई आणि रस्त्यावर झोपे. आज सकाळी कुणीतरी तिचा आरसा उडवून गेलं होतं. या वर्षातला तिसरा.

"तुम्ही जाऊन काय उपयोग?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जागा तुम्ही नाही, तिनं अडवलीय."

"मग दोन्ही आत ठेवू! एकीवर एक!"

वाक्य रागाच्या भरात निसटलं होतं, पण निसटलेलं वाक्य मागे घेणं मोजणीदारांच्या रक्तात नव्हतं. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. वीतभर बांधासाठी कुऱ्हाडी घेऊन उभ्या राहिलेल्या भावाभावांना त्यांनी नुसत्या आवाजानं घरी पाठवलं होतं. गाड्या वर उचलणारी लिफ्ट मिळते, हे त्यांना त्याच दुपारी कळलं आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर झाले. मेहुणा न बोलावता सोबत आला.

"दाजी, दोन खांबांची घ्या," मेहुणा म्हणाला. "जागा वाचते."

मोजणीदारांनी तत्क्षणी चार खांबांची घेतली.

"झकास! तुम्हाला तीच घ्यायला लावायची होती मला," मेहुणा परतीच्या वाटेवर म्हणाला. मोजणीदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पावती झाली होती.

बसवण्याआधी फिटरचा फोन आला. "साहेब, छताची उंची किती?"

"बारा फूट. तीनदा मोजलीय."

"आणि दार कसं उघडतं? बाजूला, की वर सरकून छताखाली आडवं होतं?"

"दार दारासारखं उघडतं! तीस वर्षं मोजण्यात गेली माझी. मला मोजायला शिकवू नका!" आणि फोन आपटला गेला.

फिटर आला, त्यानं छताखाली आडव्या झालेल्या दाराकडे बघितलं आणि तो कामाला लागला. अबोल माणूस होता. दिवसभर त्यानं जमिनीला भोकं पाडली, खांब उभे केले, बोल्ट आवळले. त्या आवाजानं शेजारचे वकील दोनदा कुंपणापाशी येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांच्या हातात लेखी तक्रार होती. मोजणीदारांनी ती वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटरसायकलवरून न बोलावता आलेल्या मेहुण्याच्या मदतीनं, जुनी गाडी ढकलून लिफ्टवर चढवली गेली. फिटरनं बटण दाबलं आणि गाडी वर जाऊ लागली. उघडं दार छताखाली आडवं झालेलं होतं. त्याच्या खाली दोन बोटं अंतर राहिल्यावर फिटरनं हात काढला.

"साहेब, इथंच थांबायचं. याच्या वर नाही."

डॉक्टरीणबाईंनी आपली गाडी अलगद खाली आणून उभी केली. सहा वर्षांनी ती प्रथमच छपराखाली आली होती. त्यांनी उतरून वर बघितलं. "अहो, माझ्या टपाला लागेल ही. जेमतेम बोटभर जागा आहे."

तेवढ्यात कुंपणापलीकडून वकिलांचा आवाज आला, म्हणून मोजणीदारांनी धाडकन दार खाली घेतलं. फिटर स्वयंपाकघरात हात धुवायला गेला होता. दार खाली आल्यामुळे वर भरपूर जागा मोकळी झालेली दिसत होती. मग अडचण कसली?

"चार बोटं वर घेतो," मोजणीदार म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. खट. खट. गाडी वर गेली आणि खटक्यात अडकून बसली. मोजणीदारांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

बायकोचा फोन वाजला.

"काय? वासराचा पाय आडवा? किती वेळ झाला? हात लावू नका, निघाले मी!" डॉक्टरीणबाई गाडीत बसल्यासुद्धा. "अहो, दार उघडा. गाय अडलीय!"

मोजणीदारांनी दाराचं बटण दाबलं. दार हातभर वर सरकलं आणि त्याची वरची कड जुन्या गाडीच्या टपावर जाऊन रुतली. पुन्हा दाबलं. कर्रर्र. दार ना वर, ना खाली.

"दाराला काय धाड भरलीय?"

फिटर ओल्या हातांनी धावत आला. "साहेब, कोणी वर घेतली?"

"कोणी घेतली ते महत्त्वाचं नाही! खाली घ्या!"

"खाली घ्यायच्या आधी थोडी वर घ्यावी लागते, तेव्हा खटका सुटतो. पण आता वर दार अडकलंय. आधी दार—"

'आधी' नंतरचं ऐकण्याची सवय मोजणीदारांना नव्हती. त्यांनी लिफ्टचं बटण अंगठा पांढरा होईस्तोवर दाबून धरलं. मोटर कण्हली, घुमली, जळकट वास आला आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत जुन्या गाडीचा टप 'टंक' करून आत बसला.

"तुम्ही बसवलीत ही! तुम्ही!" मोजणीदार फिटरवर गरजले. मग दुकानदारावर, दार बनवणाऱ्यावर, वकिलांवर आणि शेवटी त्या आडव्या वासरावर. "दार फोडतो! माझ्या बायकोचं काम अडणार नाही!"

त्यांनी घण उचलला. हे मात्र त्यांच्या मनापासून होतं. सहा वर्षं तिला रस्त्यावर गाडी लावायला लावली, याची बोच त्यांना होती. ती रागाखाली दबलेली होती इतकंच. पहिला घाव, दुसरा घाव. पत्रा वाकला. फिटर काहीतरी सांगत होता, पण घणापुढे ऐकू कोणाला येणार? अर्ध्या तासानं दाराची शेवटची पट्टी निखळून बाहेर पडली आणि लख्ख ऊन आत आलं.

"निघ!" घामानं निथळत मोजणीदार ओरडले. "निघ लवकर!"

गाडीत कोणी नव्हतं.

"बाई गेल्या साहेब," फिटर म्हणाला. "तुम्ही पहिला घाव घातलात तेव्हाच. पिशवी घेऊन स्वयंपाकघरातून. मेहुण्यांच्या मोटरसायकलवर."

मोजणीदारांच्या हातून घण गळाला.

दुपारी डॉक्टरीणबाई परतल्या. कोपरापर्यंत बाह्या वळलेल्या, चेहरा थकलेला पण उजळ. "कालवड झाली. दोघी सुखरूप." मग त्यांनी बिनदाराचं गॅरेज पाहिलं आणि रस्त्यावर पडलेलं दार पाहिलं. घण कोणासाठी उचलला होता, ते फिटरनं दोन वाक्यांत सांगितलं. त्या नुसत्या नवऱ्याच्या फोड आलेल्या तळव्यांकडे बघत राहिल्या, आणि मोजणीदारांना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

इतक्यात वकील फाटकातून आत आले. मोजणीदारांनी भांडणासाठी छाती भरून घेतली.

"वा!" वकील म्हणाले. "दारच काढून टाकलंत! दोन गाड्या, ना कटकट, ना अडचण. मलाही अशीच लिफ्ट बसवायचीय, पण माझं घोडं त्या दारापाशीच अडलं होतं. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," मागून मेहुणा म्हणाला. "दाजींना मीच सांगितलं होतं."

मोजणीदारांनी गर्रकन वळून तोंड उघडलं. फिटर खाली मान घालून पाना पुसू लागला. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. चार बोटं, जळलेली मोटर, आणि रिकाम्या गाडीसाठी अर्धा तास चाललेला घण.

"हो," मोजणीदार दातओठ खात म्हणाले. "यांनीच सांगितलं."