मोझेसकाकांची वाकडी पणती

खांदा कॉलनीतल्या ‘स्वयंप्रेरणा महिला हस्तकला मंचा’ने यंदाच्या दिवाळी प्रदर्शनात फक्त अस्सल घरगुती वस्तूच विकू द्यायच्या, असा ठराव एकमताने केला. ठरावाला कारण होतं. गेल्या वर्षी ‘माझ्या हातच्या’ म्हणून खपलेल्या मेणबत्त्यांच्या बुडाशी घाऊक बाजाराचं लेबल निघालं होतं. लेबल काढायचं राहून गेलं, ही चूक मानवी होती. पण तेवढ्यावर मेणबत्ती घरगुती ठरत नाही, असं मंचाचं मत पडलं. म्हणून अस्सलता पडताळणी उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष कादंबरीताई आणि तांत्रिक सदस्य त्यांचे यजमान सत्यजीत. महिला मंचात पुरुष सदस्य कसा, असं कोणी विचारलं नाही, कारण सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे असते.

रूबीताई नवगावकरांना या ठरावाने आनंदच झाला. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मनात एकच होतं: प्रदर्शनात एक टेबल आणि त्यावर आपल्या नावाची पाटी. त्या सणासणाच्या कुकीज करत. सणांच्या बाबतीत त्या अगदी निःपक्षपाती होत्या. हनुक्का या ज्यूंच्या सणाला दीपवृक्ष, ईदेला चंद्रकोर, नाताळला तारा, दिवाळीला पणती. आयसिंगची रेघ अशी की पट्टी लावून बघावी.

उपसमितीने पट्टी लावूनच बघितली.

“फारच सुबक आहे हो,” कादंबरीताई काळजीच्या सुरात म्हणाल्या.

“थँक्यू.”

“नाही, हा आक्षेप आहे.”

सत्यजीतरावांनी कुकी उजेडात धरली. “सगळ्या पणत्या सारख्या. मानवी त्रुटी आढळून येत नाही.”

“अहो, हात बसलाय माझा!”

“हात बसला म्हणजे यांत्रिकीकरणच झालं की, ताई.” एवढं बोलून त्यांनी पुरावा खाल्ला आणि अर्जावर शेरा मारला: ‘नमुना उपलब्ध नाही. फेरसादर करावा. त्रुटींसह.’

घरी आल्यावर रूबीताईंनी वाकडी रेघ मारायचा प्रयत्न केला. जमेना. डोळे मिटून मारली, ती तर जास्तच सरळ आली. त्यांचे यजमान मोझेसकाका बाजूला शेंगा सोलत बसले होते.

“आण इकडे,” ते म्हणाले.

“तुम्ही? अहो, तुमच्याच बँकेने तुमचा चेक परत केला होता, सही जुळत नाही म्हणून!”

“मग? अनुभवी माणूस बसलाय घरात, आणि तू डोळे मिटून बघतेयस.”

मोझेसकाकांनी मनापासून, जीभ बाहेर काढून एक पणती काढली. ती बोंबलासारखी दिसत होती. वात शेपटीकडून निघाली होती. रूबीताईंना रडू आलं. दुसऱ्या दिवशी ती पाहून उपसमितीलाही आलं, पण गहिवरून.

“अगदी आपुलकी दिसते,” कादंबरीताई डोळे टिपत म्हणाल्या. “बघा, हात कसा थरथरलाय!”

टेबल मंजूर झालं. शिवाय पणतीचा फोटो मंचाच्या ग्रुपवर गेला आणि पनवेलभर त्या बोंबलाला मागणी आली. सरळ पणत्या घेतलेल्या बायका तोंड लपवू लागल्या. मोझेसकाका सकाळी चहा झाला की आयसिंगचा कोन हातात घ्यायचे, ते पार जेवणापर्यंत. आठवडाभर पणत्या उत्तम बिघडत होत्या. मग एका दुपारी रूबीताई ओरडल्या, “अहो! ही पणती पणतीसारखी दिसतेय!”

काकांनी चष्मा सावरला. वात वातीच्या जागी होती. पुढची तर आणखी चांगली झाली.

“मी मुद्दाम नाही करत गं,” ते केविलवाणे म्हणाले. “सुधारणा आपोआप होतेय.”

काकांनी डाव्या हाताने करून पाहिलं. चार दिवसांत तोही सुधारला. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, टेबल जाण्याची वेळ आली होती. अखेर रूबीताई शिल्लक राहिलेला पहिला बोंबील डबीत घालून जासईला गेल्या. तिथे तुळशीराम आपल्या शेडमध्ये साचे आणि ठसे बनवत असे.

“साचा होईल, ताई,” त्याने कुकी फिरवून पाहिली. “पन मासली कंच्या बाजूनी ठेवू?”

“पणती आहे ती.”

“बरं, पणती. तुमी सांगाल ती.”

साचा झाला, त्याला जोडून ठसा मारणारं छोटं यंत्रही झालं. खटकन दाबलं की बोंबील, खटकन दाबलं की बोंबील. थरथर जिथल्या तिथे. उपसमितीने या मालातला वाटेल तो नमुना उचलून तपासला आणि प्रत्येकात तीच त्रुटी सापडल्यामुळे ‘सातत्यपूर्ण अस्सल’ असं प्रमाणपत्र दिलं.

रूबीताईंना राहवलं नाही. त्यांनी आपल्या हातच्या ताटलीभर पणत्याही टेबलावर ठेवायची परवानगी मागितली. ती मिळाली. अट एवढीच, की ताटलीवर ‘यंत्रनिर्मित’ अशी चिठ्ठी लावावी. ग्राहकांची दिशाभूल नको.

प्रदर्शनाच्या दिवशी पाटीवर ‘रूबी नवगावकर’ हे नाव दिमाखात झळकलं. नीता नावाच्या एक बाई त्या ताटलीपाशी थबकल्या.

“किती सुरेख! कुठल्या कंपनीच्या?”

“मी केल्यात. या हातांनी.”

“काहीतरीच तुमचं!” नीताबाई खळखळून हसल्या. “ती वाकडीच द्या डबाभर. भेट द्यायचीय हो, घरची वाटायला हवी.”

रूबीताईंनी डबा बांधून दिला. ताटली संध्याकाळी जशीच्या तशी घरी आली. मोझेसकाकांनी त्यातली एक उचलली, उलटसुलट करून बघितली आणि खाल्ली.

डबा मात्र फिरायला लागला. नीताबाईंकडून नणंदेकडे, नणंदेकडून तिच्या साहेबांकडे, आणि भाऊबीजेच्या सुमाराला तो तुमच्याकडे आला. तुम्ही झाकण जेमतेम उचललंत, “अय्या, किती घरगुती!” म्हणालात, झाकण पुन्हा घट्ट बसवलंत आणि पिशवी तेवढी बदललीत. आता परवा ज्यांच्याकडे तो द्यायचाय, त्यांना काय सांगायचं तेही तुमचं ठरलेलं आहे.

“काही विशेष नाही हो, घरीच केलंय.”